पालथ्या पाटीवर उभी राहणारी इजाबाय

पाटी विणून झाली की इजाबाय ती जमिनीवर पालथी घालायची, चपला काढायची आणि वर उभी राहायची. पाय जोडून, कशालाही न धरता. ओठ हलायचे, पण काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. मग उतरायची, पाटी उचलून तळावरून हात फिरवायची आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायची.

दिवाळी अंकवाल्या बाई आमच्याकडे करंड्या घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या धंद्याबद्दल लिहून द्या, जसं बोलता तसं." माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिता येतं, पण स्वतःबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. जन्मभर बांबू फोडला आणि विकला. म्हटलं, इजाबायबद्दल लिहिते, त्यात माझा धंदा आपोआप येईल. बाई म्हणाल्या चालेल.

भाईंदर पूर्वेला आमचं बांबूचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, मागे भिंतीला टेकवलेले बांबू आणि पुढे फुटपाथ. आम्ही बुरूड. सासऱ्यांनी दुकान टाकलं, नवऱ्याने चालवलं, तो गेल्यावर मी चालवलं. आता मुलगा बघतो, पण कोयता अजून माझ्याच हातात असतो, कारण त्याला फोडता येत नाही. त्याला सांगितलं तर राग येतो. येऊ दे.

काम सोपं दिसतं. ओला बांबू उभा फोडायचा, मग त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या. त्यांना कामट्या म्हणतात. बाहेरची हिरवी साल चिवट असते, ती ठेवायची. आतला पांढरा भाग मऊ असतो, त्याला किडा लागतो, तो तासून टाकायचा. कामटी सगळीकडे एकसारखी पाहिजे. एका ठिकाणी जाड राहिली तर टोपली तिथे फुगते, पातळ झाली तर तिथेच तुटते. हाताला बांबूची कूस शिरते, ती सुईने काढायची आणि पुन्हा बसायचं. एवढंच आहे. बाकी सगळं सवयीचं.

गिऱ्हाईक वर्षभर बदलत राहतं. भादव्यात कोकणातल्या बायका गौरीसाठी सुपं न्यायला येतात. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो, म्हणजे ती सुपांत फळं, पानं, वाण भरून गौरीला ओवाळते आणि मग ती सुपं नात्यात वाटते. पण पहिला ओवसा कुठल्याही वर्षी चालत नाही, गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच. मधली काही वर्षं तशी गेली की तेवढ्या सगळ्या वर्षांच्या सुना एकदमच येतात आणि आमचे हात सोलून निघतात. दिवाळी झाली की छठवाले येतात, त्यांना सूप आणि दउरा, म्हणजे मोठा टोपला, लागतो. लग्नसराईत करंड्या. आणि तिरडीचं सामान बारा महिने. तिरडीला कोणी घासाघीस करत नाही. एकाने केली होती. सासऱ्यासाठी न्यायला आला होता. म्हणाला, जरा जुना बांबू असेल तर द्या, जाळायचाच तर आहे. मी म्हटलं, जुना मोडला तर रस्त्यात पडलेला सासरा तूच उचल. मग मुकाट्याने नवा घेऊन गेला.

इजाबाय माझ्याकडे कामट्या विकत घ्यायला यायची. ती उत्तनच्या बाजूच्या गावातली, ख्रिस्ती. नवरा बोटीवर होता, तो लवकर गेला. तिचा बाप मासळीच्या पाट्या विणायचा, त्याच्याकडून ती शिकली. गावात बांबू मिळायचा नाही म्हणून माझ्याकडे यायची. येताना पिशवीत शिंदीची पात आणायची, कधी निरगुडीचे फोक, कधी डोंगरावरची कसली तरी वेल. कामट्या घेऊन घरी जाण्याऐवजी एकदा तिथेच फुटपाथवर बसून विणायला लागली. मी म्हटलं, "इजाबाय, इथे कशाला बसतेस? ऊन आहे."

"घरात कोण हाय बोलायला?" ती म्हणाली. "तू तरी शिव्या देतेस."

ती तिथे बसली ती बसलीच. माझ्यापेक्षा बरीच मोठी, तरी मी तिला अगंतुगं करायचे आणि ती मला "गंगे" म्हणायची. मी फोडायचे, ती विणायची.

ती विणायची कशी ते सांगते. तिची टोपली हातात घेतली की कुठून सुरू झाली ते सापडायचं नाही. बांबूचा सांगाडा असायचा आणि मध्ये शिंदीची पात अशी वळवायची की हिरव्यातून पिवळा पट्टा आपोआप फिरत वर यायचा. रंग कधी लावला नाही. पात किती दिवस सावलीत वाळवली यावर रंग ठरायचा, आणि ते तिलाच माहीत. मी कोडकौतुक करणारी बाई नाही, पण माझ्या सासरच्या चार पिढ्यांत असा हात झालेला नाही, हे मी आमच्या नातेवाइकांनाही तोंडावर सांगितलं आहे. त्यांना आवडलं नाही.

मिरा रोडचा एक सजावट करणारा माणूस तिला आर्टिस्ट म्हणायचा. ती मला विचारायची, "हा काय बोलतोय?" मी सांगायचे, "तुला मोठी कलाकार म्हणतोय." ती म्हणायची, "त्याला सांग, पाटी घे नायतर पुढं हो."

कोळणी आल्या की ती आधी विचारायची, पाटी डोक्यावर नेतेस का कमरेला लावतेस. डोक्यावर नेणारीच्या पाटीचा तळ किंचित आत घ्यायची, कमरेवर नेणारीच्या पाटीची एक बाजू जरा बसकी ठेवायची. कोळणींनी ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या दुसरीकडे जायच्या नाहीत. प्लास्टिकचे टब आले तेव्हा बऱ्याच गेल्या. त्यातल्या काही परत आल्या. टबात पाणी साचतं आणि मासळी लिबलिबीत होते.

बेव्हर्ली पार्कचा एक माणूस मांजरासाठी टोपली घ्यायला आला. इजाबाय म्हणाली, "मांजर आण." तो हसला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. ती म्हणाली, "कशी झोपते ते बघितल्याबिगर कशी विणू? वाटोळी झोपते का तंगड्या पसरून?" दुसऱ्या दिवशी तो खरंच रिक्षातून मांजर घेऊन आला. मांजर उतरलं आणि गौरीसाठी रचलेल्या सुपांच्या ढिगावर जाऊन झोपलं. वाटोळं. मी ओरडले, कारण त्या सुपांवर केस पडले. इजाबाय म्हणाली, "बस, कळलं." त्या माणसाने पुढे तीन वेळा टोपली नेली, मांजर एकच. त्याला फक्त तिच्याशी बोलायचं असायचं. अशी माणसं खूप यायची. माझ्याशी बोलायला कोणी येत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, काम होतं.

आता उभं राहण्याचं सांगते. मला आधी तो तमाशा वाटायचा. तिला विचारलं तर म्हणाली, बाप असंच करायचा. बोटीवरची मासळी कमरेएवढ्या पाण्यातून वर आणायची असते. तिथे पाटीचा तळ गेला तर सगळी मासळी समुद्राला परत. म्हणून बाप पाटी द्यायच्या आधी वर उभा राहायचा. एकदाही कुठल्या पाटीचा तळ खचून ती बसली नाही. तिचीही बसली नव्हती. लोक मोबाइल काढून शूटिंग करायचे. "आंटी, एक बार और चढो ना!" ती म्हणायची, "सर्कस हाय काय?" पण दुसरी पाटी झाली की पुन्हा चढायची. सत्तरी उलटली तरी चढायची. तिची मुलगी मला म्हणायची, "मावशी, तुम्ही सांगा ना आईला." मी सांगितलं. ती म्हणाली, "मी उभी न्हाय रायली तर पाटी चांगली हाय हे मला कसं कळंल?"

ती पडली तो दिवस गौरीच्या आधीचा. दुकानात गर्दी, समोर चिखल. त्या पावसाळ्याच्या तोंडाला फुटपाथ खणून परत लाद्या बसवल्या होत्या. पारू नावाची एक कोळीण आमच्याकडे पाटी घ्यायची, तिची नवी पाटी इजाबायने विणून संपवली. पालथी घातली. चपला काढल्या. चढली. मी सुपं मोजत होते, माझी पाठ होती. कर्र असा आवाज आला. वळून बघते तर ती कुशीवर पडलेली.

ओरडली नाही. मला म्हणाली, "गंगे, पाटी बसली."

"गप्प पड," मी म्हटलं आणि रिक्षा थांबवली.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले हाड चांगलं जुळेल, आणि जुळलं. पण तिने हाडाबद्दल कोणाला काही विचारलं नाही. मी भेटायला गेले की एकच. "आवाज आला. मी ऐकला. तळ गेला." मी म्हटलं, "मग गेला तर गेला. एका पाटीने काय होतंय?" ती म्हणाली, "पाटी न्हाय गेली. हात गेला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मुलीने तिला गावी नेलं. ती वॉकर धरून चालायला लागली, चर्चला जायला लागली, पण विणायला बसेना. मी उत्तनच्या बसने जायचे, सोबत कामट्या न्यायचे. पुढच्या वेळी जाऊन बघावं तर त्या तशाच बांधलेल्या, कोपऱ्यात वाळून कडक झालेल्या. मुलगी मला बाहेर घेऊन हळू आवाजात म्हणाली, "जेवत पण नाय नीट. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसते."

विणणारी बाई हात मांडीवर ठेवून बसली की तिचं किती दिवस खरं आहे, हे मी आमच्या घरात पाहिलेलं आहे. मला भीती वाटायला लागली. भीती वाटली की मी जास्त कडक बोलते. त्या दिवशी तिला म्हटलं, "नाटकं पुरे." ती म्हणाली, "तू फोडतेस ना? तूच वीण."

दिवाळी संपून छठची गर्दी सुरू झाली. सकाळी मी दुकानासमोर झाडत होते. झाडता झाडता एका लादीवर पाय पडला आणि कर्र आवाज आला.

मी थांबले. पुन्हा पाय दिला. पुन्हा कर्र. लादीखालची माती पावसात गेली होती, एका बाजूने ती बोटभर खाली बसत होती आणि शेजारच्या लादीला घासत होती. इजाबायने पाटी तिथेच घातली होती का? मला पक्कं आठवेना. साधारण तिथेच. मुलाला विचारलं तर म्हणाला, "आई, लादीच आहे, हलते." त्याला काय कळणार?

पण लादी हलते म्हणून पाटी चांगली होती असं होत नाही. दोन्ही झालं असेल. पाटी बघायला पाहिजे होती, आणि पाटी नव्हती. त्या दिवशी आम्ही रिक्षात बसलो आणि संध्याकाळी पारू येऊन आपली पाटी उचलून घेऊन गेली होती. तळ गेलेली पाटी असती तर तिने परत आणली असती, असं मनात आलं. पण पारूचा काय भरवसा? वरून कापड टाकून वापरत असेल, किंवा जाळलीही असेल.

मी मासळी बाजारात गेले. जाताना एकच विचार होता. तळ गेलेला निघाला तर काय सांगायचं? मी ठरवलं, खरं तेच सांगायचं. आणि खरं सांगितलं तर ती पुन्हा कधी विणणार नाही, हेही मला कळत होतं.

पारू बसलेली. पुढे तीच पाटी, वर बर्फ आणि बोंबील.

"पारू, पाटी रिकामी कर."

"काय?"

"रिकामी कर. तळ बघायचाय."

"आणि बोंबील कुठं ओतू, तुझ्या डोक्यावर?" पारू म्हणाली. "धंद्याचा टायम हाय. येडी झालीस काय गो?"

शेजारच्या कोळणी हसायला लागल्या. मी तिला इजाबायचं सगळं सांगितलं. पडल्याचं तिला ठाऊक होतं, पाटीवरून पडली हे नव्हतं. मग ती शेजारणीला म्हणाली, "तुझा टब दे गो." आणि बोंबील ओतले.

मी पाटी उलटी केली. तळावर खवले, बर्फाचं पाणी, वास. पदराने पुसून एकेक कामटी बोटांनी तपासली. मधली चौकट, तिच्या बाजूच्या, मग काठाकडच्या. एकही तडकलेली नव्हती. कुठे पांढरी रेघसुद्धा नाही. मी पुन्हा सगळी बघितली. पारू म्हणाली, "झालं का? का आता चाटून बघतेस?"

किती दिवस छातीवर बांबूचा भारा घेऊन फिरत होते, ते तो उतरला तेव्हा कळलं.

"पाटी मला दे," मी म्हटलं. "इजाबायला दाखवायचीये."

"न्हाय देत. माझी पाटी हाय."

"नवी देते."

"तुझ्या हातची? नको," पारू म्हणाली. बाजारात सगळ्यांसमोर म्हणाली. मग म्हणाली, "मीच येते. रविवारी गावाला जायचंच हाय मला."

रविवारी आम्ही दोघी गेलो. इजाबाय खाटेवर बसलेली, हात मांडीवर. पारूने पाटी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आजी, तुझी पाटी. रोज भरते. काय झालं न्हाय हिला." मी लादीचं सांगितलं.

इजाबायने पाटीकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "गंगे, मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "मी? इतकी वर्षं तुझ्यासोबत बसले, तुला बरं वाटावं म्हणून एक शब्द तरी बोलले का? तुझ्या करंडीचं झाकण वाकडं आहे हे गिऱ्हाइकासमोर सांगितलं. तुझा भाचा दारू पितो हे तुझ्या भावजयीसमोर सांगितलं. तुझ्या त्या आर्टिस्टवाल्याला टोपी घालू नको, एवढं टक्कल झाकलं जात नाही, हेही मीच सांगितलं. आता एका पाटीसाठी खोटं बोलायला सुरुवात करू?"

मुलगी दारात उभी होती. ती हसली. मग इजाबायच्या तोंडाचा कोपरा हलला.

तिने हात मांडीवरून उचलले. पाटी पालथी करून खाटेवर घेतली, डोळे मिटले आणि तळावरून बोटं फिरवायला लागली. सावकाश. काठाजवळ तिचं बोट थांबलं.

"ही कामटी जाड हाय," ती म्हणाली.

"कुठे?"

"हितं. तू फोडलेली. गौरीच्या घाईत फोडलीस." तिने डोळे उघडले. "माझा हात न्हाय गेला गंगे. तुझा गेलाय."

पारू इतकी हसली की तिला ठसका लागला. मी बोट लावून बघितलं. जाड होती.

नाताळ झाल्यावर ती परत फुटपाथवर आली. तोवर मी माणूस बोलावून ती लादी नीट बसवून घेतली होती. डॉक्टरांनी तिला कशावरही चढायला बंदी केली होती. पाटी झाली की ती माझ्याकडे बघायची. "चढ." मी म्हटलं, माझं वय झालंय. ती म्हणाली, "तू जड हायस. बरंच हाय." तेव्हापासून मी उभी राहायला लागले. पहिल्यांदा लाज वाटली. लोकांनी पुन्हा मोबाइल काढले, मी एकाचा हिसकावून घेतला, तेव्हापासून काढत नाहीत. तळ मात्र तिनेच तपासायचा, तो मला कधी दिला नाही.

ती गेली ती गेल्या वर्षी. दुपारी जेवली, खाटेवर आडवी झाली आणि उठली नाही. हाती घेतलेल्या सगळ्या पाट्या संपवून गेली, अर्धवट काही ठेवलं नाही. हात मांडीवर ठेवून गेली नाही. मी रडले, पण मन हलकं होतं. विणणं सोडून बसलेल्या त्या दोन-तीन महिन्यांतच ती गेली असती, तर मला ते जन्मभर पुरलं असतं.

भाईंदरच्या कितीतरी माणसांची तिरडी आमच्या दुकानातून गेली. इजाबायला मी काही देऊ शकले नाही, त्यांच्यात पेटी असते. फुलं न्यायला तिचीच विणलेली करंडी घेतली. फुलं वाहिली आणि करंडी परत आणली. तिची भावजय बघत राहिली. तिला वाटलं मी ती तिथेच ठेवेन. धड करंडी मातीत कशाला घालायची? इजाबायनेच मला शिव्या दिल्या असत्या. ती आता दुकानात आहे, मी त्यात सुया आणि दोरा ठेवते.

परवा पारू आली. डोक्यावर पाटी. इजाबायने जाण्याच्या काही महिने आधी तिला विणून दिलेली. काळी पडली होती, काठ एका बाजूने सुटला होता.

"नवी दे गो," पारू म्हणाली. "तुझ्या हातची तर तुझ्या हातची. आता कोण हाय दुसरं?"

धंदा थंड होता, गिऱ्हाईक नव्हतं. मुलाने लगेच एक पाटी काढून पुढे ठेवली. मी त्याला थांबवलं. पारूची जुनी पाटी घेतली, धुतली, लादीवर पाय दाबून बघितला, पाटी पालथी घातली. चपला काढल्या.

"पडशील," पारू म्हणाली.

मी चढले. पाय जोडले, कशाला धरलं नाही. काही आवाज आला नाही. उतरून तळावरून हात फिरवला, सगळ्या कामट्यांवरून, काठापर्यंत.

मग खाली बसले, सुटलेला काठ नव्या सालीने घट्ट बांधला आणि पाटी पारूच्या हातात दिली.

"ही अजून चालेल," मी म्हटलं. "नवी न्यायला पुढच्या वर्षी ये."